मुलांना घरी शिकवायचंय? आधी दोन लाल चोपड्या आणा

"तुम्ही पोरांना घरातच शिकवताय म्हणं, म्हणजे दिवसभर नक्की करताय तरी काय?" हा प्रश्न मला इथं कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना विचारलाय, रंकाळ्यावर फिरताना विचारलाय, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारलाय, आणि दरवेळी उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगता येतं तेवढंच सांगून झालं. विचारणाऱ्या आयांमधल्या निम्म्या तरी मनातनं खरंच त्या वाटेवर असतात, त्यांना नुसतं "छान असतं हो" सांगून भागत नाही, म्हणून हे एकदा सगळं बसून लिहिलंय.

आमचं घर असं, थोरली बारा वर्षांची, तिसरी झाल्यावर तिला शाळेतनं काढलं. धाकटा नऊ वर्षांचा, तो बालवाडीनंतर शाळेत गेलाच नाही. नवऱ्याचं उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे, सासूबाई घरात असतात, आणि मी बरीच वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहायला होते. ही शेवटची गोष्ट लिहायचं कारण आहे, घरच्या शाळेचं आमचं सगळं गाडं शेवटी त्या हिशेबाच्या सवयीवरच रुळावर आलं, ते पुढं सांगते.

पहिलं काम, कायदा समजून घ्या

भीती तिथंच असते म्हणून आधी हे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासनं, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. कलम १० मध्ये पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं लिहिलंय. पण नाही घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही, आणि घरी शिकवायला परवानगी आहे किंवा बंदी आहे असं सरळ वाक्यही नाही. तेव्हा "एकदम कायदेशीर आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं तरी तेवढ्यावर विसंबू नका, आणि "पोलीस येतील" म्हणणाऱ्यांनाही घाबरू नका. आपण कुठं उभे आहोत ते समजून उभं राहायचं.

त्याच कायद्यातलं कलम ४ मात्र घरातल्या मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलंच नसेल किंवा मध्येच सुटलं असेल तर त्याला त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे असं त्यात आहे. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा आहे. आमच्या सासूबाईंचा अर्धा विरोध हे कळल्यावर निवळला.

उरलेला अर्धा विरोध नणंदेचा होता. ती म्हणाली, "वहिनी, शाहू महाराजांच्या गावात राहून पोरांना शाळेत घालत नाहीस?" हे मला लागलं, कारण खोटं नव्हतं. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात काय असेल विचार करा, तरी ठेवला, कारण कुठल्याच पोराचं शिकणं आईबापाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. मी चार-पाच दिवस याच्यावर विचार केला आणि मग नणंदेला सांगितलं, बरोबर आहे तुझं, सक्ती पाहिजेच, ती आता माझ्यावर आहे. पोरं शिकतायत हे मला रोज दाखवता आलं पाहिजे, कुणी विचारो न विचारो. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी शाळा सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी ठेवून काहीच न करणं हे पोरावर शाळेपेक्षा मोठं संकट आहे.

दुसरं काम, फाईल

प्लास्टिकची चेनवाली फाईल घ्या, एका पोराची एक. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, सगळी प्रगतीपुस्तकं आणि सगळ्यात महत्त्वाचा शाळा सोडल्याचा दाखला. हा दाखला हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचा, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, सगळं. आपल्याकडं पुढं जातीचा दाखला काढा, डोमिसाईल काढा, पहिल्यांदा हाच कागद मागतात, आणि दहा वर्षांनी चूक दुरुस्त करायला गेलात तर चपला झिजतील. आमच्या थोरलीच्या दाखल्यावर जन्मठिकाणाचा तालुका चुकला होता, तो दुरुस्त करून घ्यायला मला तीन आठवड्यांत पाच हेलपाटे झाले, तेव्हा शेवटच्या दिवशी जाऊ नका.

ज्यांचं मूल शाळेत गेलंच नाही, आमच्या धाकट्यासारखं, त्यांच्याकडं हा दाखला नसतो. मग जन्मदाखला एकदम स्वच्छ पाहिजे आणि वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधून त्याच्या प्रती फाईलला लावून ठेवा. जुन्या गावच्या शाळेतनं आजोबांचा उतारा काढायला आम्हाला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली, पण मिळाला.

तिसरं, दहावीचं काय

हे आधीच ठरवायची गरज नाही पण वाटा माहीत असाव्यात. एक एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला बसायला वय चौदा पूर्ण पाहिजे, पाच विषय त्यात एक तरी भाषा, पास व्हायला ३३ टक्के, वर्षातनं दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नाव घातलं की ते पाच वर्षं चालतं, म्हणजे एकेक दोन-दोन विषय करत सोडवता येतात. मराठी माध्यम पण आहे. २० टक्के मार्क घरनं लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात, ते बरीच पोरं आळसानं घालवतात. जी पोरं कुस्ती, शूटिंग, फुटबॉल यात पूर्ण उतरलीत त्यांच्यासाठी ही वाट खरंच सोयीची.

दुसरी वाट आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, त्यात पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा पण आहेत, मध्येच एखादा कागद हातात असावा असं वाटणाऱ्यांना बरं. तिसरी म्हणजे १७ नंबर फॉर्म, राज्य बोर्डाची नेहमीची दहावी पण खाजगीरीत्या. त्याला जुना शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून वर एवढं ओरडून सांगितलं.

काय हातचं जातं तेही सांगते. शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फत भरला जातो, शालेय क्रीडा स्पर्धा शाळेच्या नावावर होतात, आणि बोनाफाईड जिथं जिथं मागतात तिथं आपल्याकडं नसतं. थोरलीला धावण्याची आवड आहे, तिला शालेय स्पर्धेत उतरता आलं नाही याचं तिला वाईट वाटलं आणि मलाही वाटलं. क्लबच्या स्पर्धा असतात, पण शाळेच्या नावाची जर्सी घालण्यातलं जे काय असतं ते त्यात नाही.

चौथं, पहिले दोन महिने हात आवरा

आम्ही काय केलं, हॉलमध्ये फळा लावला, आठ ते एक टाइमटेबल चिकटवलं, पस्तीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी सुद्धा. तीन आठवड्यांत थोरली रडायला लागली, मी ओरडायला लागले, आणि सासूबाई म्हणाल्या, "हेच करायचं हुतं तर शाळा काय वाईट हुती?" बरोबरच होतं. शाळेत चाळीस पोरांना सांभाळायला तास लागतात, घरात एक किंवा दोन पोरं, तिथं त्याच सांगाड्याला काही अर्थच नाही.

फळा काढला आणि दोन महिने फक्त वाचून दाखवणं, स्वयंपाकघरात बरोबर घेणं, आणि बाहेर पडणं एवढंच ठेवलं. त्या दोन महिन्यांत मी पोरीकडं बघायला शिकले. ती सकाळी नऊनंतरच नीट डोकं लावते, जेवल्यावर तिला लिहायचं जिवावर येतं, आणि तिला काही समजलं नाही की ती "हो हो" म्हणते, हे मला तिसरीपर्यंत माहीत नव्हतं.

पाचवं, किर्द आणि खतावणी

आता मुख्य. अडत दुकानात रोजचा व्यवहार किर्दीत पडतो, ज्या दिवशीचा त्या दिवशी, क्रमानं, मग तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. किर्द बघून दिवस कळतो, खतावणी बघून माणूस कळतो, कुणाकडनं किती येणं आहे ते. टाइमटेबल फसल्यावर एक दिवस माझ्या डोक्यात आलं की पोरांच्या शिकण्याची पण अशीच वही का नको. दोन लाल चोपड्या आणल्या, लांबड्या, दोऱ्यानं बांधायच्या, एक किर्दीची एक खतावणीची.

किर्दीत एका पोराच्या दिवसाला तीन ओळी. काय केलं, कुठं अडलं, काय विचारलं. बास. जास्त लिहायला गेलात तर आठव्या दिवशी सोडून द्याल. लिहायची वेळ रात्री भांडी आवरल्यावर, पोरं झोपायच्या आधी, आणि तिसरी ओळ त्यांनाच विचारून लिहायची. धाकट्याची एका दिवसाची नोंद अशी, "सातचा पाढा, दूध उतू गेलं तेव्हा साय का आली बघितलं. सात आठं छप्पन्नला अडला. विचारलं, म्हशीला हिरवं घातलं तर दूध पांढरं कसं."

रविवारी सकाळी पाऊण तास खतावणी. पुढच्या पानावर अनुक्रमणिका, मग एकेक खातं, अपूर्णांक, मराठी लेखन, इंग्रजी वाचन, नकाशा, झाडंप्राणी, यंत्रं, असं. जुन्या पद्धतीनं डावीकडं जमा, उजवीकडं नावे, म्हणजे अजून येणं राहिलेलं. आठवड्यात जिथं जिथं अडलं ते नावे टाकायचं. जमा कधी करायचं याचा आमचा नियम कडक आहे, तीन वेगवेगळ्या दिवशी, कुणाची मदत न घेता, जमलं तरच जमा. आज समजलं म्हणजे जमा नाही. पोरांना पण हा नियम माहीत आहे आणि धाकटा स्वतः येऊन सांगतो, "आई, अजून एकदा राहिलंय माझं."

सोमवारचा अभ्यास मग ठरवावा लागत नाही, नावे बाजूला जे पडलंय तेच पहिलं. आणि जे प्रश्न तिसऱ्या ओळीत आलेत त्यातला एक निवडून त्या आठवड्याची फेरी ठरते, कुठं जायचं, कुणाला भेटायचं. पुस्तकातला धडा कधी घ्यायचा ते पण त्यावरनंच. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती उतरवून ठेवा, इयत्तेचा मोह सोडा, थोरलीची गणितात आठवीची काही प्रकरणं चाललीत आणि मराठी लेखनात ती अजून पाचवीच्या पुस्तकात आहे, खतावणीत ते स्पष्ट दिसतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सहावं, दिवस कसा जातो

सकाळी नऊ ते अकरा बैठक, ही मोडायची नाही. त्यात गणित आणि लेखन, दोन्ही रोज. अकरा ते जेवणापर्यंत घरातली कामं, पोरांच्या वाटणीची. दुपारी वाचन, ज्याला जे पाहिजे ते. चारनंतर बाहेर. आठवड्यातले दोन दिवस थोरली बाबांबरोबर दुकानात जाते. झालं, याच्यापेक्षा जास्त मांडणी लागत नाही, दोन तास जर खरे असतील तर.

सातवं, गावातनं धडे काढायचे कसे

याच्यावर मी कितीही लिहू शकते. कोल्हापुरात राहणाऱ्याला वर्कशीट विकत घ्यायची गरज का पडावी हेच मला कळत नाही.

पावसाळ्यातलं बघा. जुलै लागला की रोज पेपरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आलेखाचा कागद भिंतीला लावायचा, दोन आडव्या रेघा मारायच्या, ३९ ला पिवळी, ४३ ला लाल, आणि रोज एक ठिपका. थोरलीनं पहिल्या वर्षी काय केलं, ३१ फूट ९ इंच म्हणून ३१.९ वर ठिपका दिला आणि दुसऱ्या दिवशी ३१ फूट ११ इंच म्हणून ३१.११ वर. पाणी चढलेलं आणि तिची रेघ खाली आलेली! ती स्वतःच बघत बसली, हे कसं झालं म्हणून. मी काही बोलले नाही. सासूबाईंनी विचारलं, "बारा इंचाचा फूट, मग नऊ इंच म्हंजे पाऊण न्हवं का?" आणि तिथनं पाऊण म्हणजे ०.७५, ३१ फूट ९ इंच म्हणजे ३१.७५ आणि ११ इंच म्हणजे जवळजवळ ३१.९२, हे सगळं उलगडलं. दशांश अपूर्णांक असा कुठल्या पुस्तकातनं डोक्यात बसला असता मला माहीत नाही. तेव्हापासनं सासूबाईंच्या पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर, दीड एके दीड, दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार. ज्यांच्या घरात हे म्हणणारं माणूस अजून आहे त्यांनी आजच सुरू करावं.

राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. गुणाकार पोरांना करू द्या, सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर प्रत्येक सेकंदाला, आणि दरवाजे सात आहेत. मग विचारायचं, हे पाणी कुठनं कुठं जातं. भोगावती, मग कासारी, कुंभी, तुळशी, प्रयाग चिखलीचा संगम आणि पुढं पंचगंगा, नकाशावर बोट ठेवून. २०१९ आणि २०२१ चा महापूर आमच्या पोरांनी बघितलाय, पाहुण्यांचं सामान ट्रॅक्टरमधनं आलेलं बघितलंय, त्यामुळं हा भूगोल त्यांच्यासाठी परीक्षेचा नाही. पुराच्या दिवसांत आलेख बघून भीती वाटत असेल तर तो काढून ठेवा, आम्ही एकदा काढला होता.

थंडीतला धडा अंबाबाईच्या किरणोत्सवाचा. साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन देवीपर्यंत पोचतात. पोरांना विचारा की वर्षातनं दोनदाच का, आणि हेच दिवस का. कॅलेंडर घेऊन मोजायला लावा, १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस, आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४१ दिवस. मध्ये बरोबर सगळ्यात लहान दिवस. सूर्य मावळायची जागा दक्षिणेकडं सरकत जाते, तिथनं परत फिरते, म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा तो त्याच रेषेत मावळतो. आम्ही ऑक्टोबरपासनं दर रविवारी गच्चीच्या कठड्यावर एकाच जागी उभं राहून मावळतीच्या दिशेला खडूनं खूण केली. फेब्रुवारीत खूण नोव्हेंबरच्या खुणेवर येऊन बसली तेव्हा धाकटा गच्चीवरनं ओरडत खाली आला. देवळात गर्दी असते, दर्शनाला जाता आलं नाही तरी गच्ची सगळ्यांना आहे.

गुळाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासनं. गुऱ्हाळावर जायचं तर आधी फोन करून विचारा आणि पोरांना काहिलीपासनं लांब ठेवा, उकळता रस अंगावर उडाला तर विषय संपला. बघायचं काय, रसावर भेंडीचं पाणी घातल्यावर मळी कशी वर येते, पाक कधी उतरवायचा ते गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, कसा ओळखतो. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो, मग बाकीचं गेलं कुठं? चिपाड, वाफ, मळी, पोरं मोजत जातात. परत आल्यावर मी त्यांना शेतकऱ्याची पट्टी करायला लावते, वजन, क्विंटलचा भाव, त्यातनं हमाली, तोलाई वजा. टक्केवारी, गुणाकार, वजाबाकी, सगळं एका कागदावर, आणि खरं.

इतिहासाला टाउन हॉल म्युझियम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती, समुद्राचा देव, आणि सापडला पंचगंगेच्या काठावर. एवढा एकच प्रश्न घेऊन आत जायचं की हा इथं आला कसा, आणि बाकी सगळं दालन फिरून बाहेर यायचं नाही. पोरांना एक वस्तू पुरते. आमचे रोम, बंदरं, घाट, व्यापारी रस्ते असे दीड महिने त्या एका मूर्तीवर गेले.

आठवं, भाषा

थोरली शाळेत असताना निबंधात "मी मामाकडे गेलो" लिहायची आणि लाल गोल पडायचा. आता आमच्या घरात सासूबाई, नणंद सगळ्या "मी जातो, मी आलो"च म्हणतात, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, पोरगी कुठनं वेगळं आणणार. तिला वाटायला लागलं की आज्जी चुकीचं बोलते. हे मला अजिबात चाललं नाही. आम्ही खतावणीत एक वेगळं खातं काढलं, डावीकडं घरातलं, उजवीकडं पुस्तकातलं. "करायलंय" आणि "करत आहे", "आलो" आणि "आले", "तिकडनं" आणि "तिकडून". दोन्ही यायला पाहिजे, कुठं कुठलं ते कळायला पाहिजे. आता शंभराच्या वर जोड्या झाल्यात आणि त्यातल्या निम्म्या तिनं आज्जीला विचारून मिळवल्यात.

रोज दहा ओळी श्रुतलेखन, आठवड्याला एक खरं पत्र, खरं म्हणजे पोस्टात पडणारं. वाचायला किशोर मासिक, बालभारती १९७१ पासनं काढते, जुने अंक पण शोधून वाचण्यासारखे. करवीर नगर वाचन मंदिरचं सभासदत्व घ्या, १८५० सालची संस्था आहे, पोराला स्वतः पुस्तक निवडू द्या, अर्धवट वाचून परत दिलं तरी चालेल. इंग्रजीला आम्ही घाई केली नाही, रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, बास.

नववं, आईबापाला येत नाही ते

मला विज्ञान येत नाही, म्हणजे शिकवण्याइतकं येत नाही. नवऱ्याला येतं पण शब्दात सांगता येत नाही, तो करून दाखवतो. दुकानात थोरलीच्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिलं आणि सांगितलं या वीस वॉशर मोज, बाजूला लिही. सगळ्या एकाच मापाच्या म्हणून आलेल्या, आणि ०.०२ मिलिमीटरच्या मापात एकसारख्या नव्हत्या. सरासरी म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. ज्यांच्या घरी दुकान नाही त्यांनी ओळखीतल्या सायकलवाल्याला, शिंप्याला, कुंभार गल्लीत विचारून बघा, आठवड्याला एक तास पोरगं नुसतं बसू दे म्हणून. दोन नियम पाळा, त्यांच्या धंद्याच्या वेळेला जायचं नाही आणि पोरानं तिथलं काहीतरी काम करून यायचं. प्रयोगशाळेची उणीव मात्र यानं भरून निघत नाही, रसायन आणि सूक्ष्मदर्शक आमच्याकडं कमीच पडलं.

संगतीचं थोडक्यात. गल्लीतली पोरं पाचला शाळा-क्लासमधनं सुटतात, त्या वेळेला आपली पोरं बाहेर असलीच पाहिजेत, अभ्यास कितीही रंगात असला तरी. धाकटा फुटबॉल खेळतो, कोल्हापुरात त्याला दोस्त शोधावे लागत नाहीत. थोरलीला त्रास झाला, दहा-अकराच्या पोरींच्या गप्पा शाळेभोवतीच फिरतात. तिच्या दोन जुन्या मैत्रिणींना दर शनिवारी घरी जेवायला बोलवायचं आम्ही ठरवलं आणि ते चार वर्षं पाळलंय, कधी नुसता भात-आमटी असली तरी.

दहावं, आजारपण, पाहुणे आणि दारावरची बेल

तुम्ही आजारी पडणार. गेल्या वर्षी मला टायफॉईड झाला, तीन आठवडे. त्यासाठी एक पान आधीच लिहून किर्दीच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा, आई उठू शकत नाही तेव्हा काय, आमच्या पानावर एवढंच आहे, आज्जीबरोबर पाढे, एक धडा मोठ्यानं वाचणं, दहा ओळी लिहिणं, आणि किर्द पोरांनीच लिहायची. त्या तीन आठवड्यांची थोरलीच्या अक्षरातली पानं माझ्यासाठी सगळ्या चोपडीत मोलाची आहेत.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा शिक्षक दारात येतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं काम पोरं शोधायचंच आहे आणि ते चांगलं काम आहे. पाणी द्या, बसवा, फाईल आणि दोन्ही चोपड्या पुढ्यात ठेवा. आमच्याकडं आलेल्या बाईंनी अर्धा तास खतावणी चाळली, धाकट्याला तीन गणितं घातली, आणि जाताना म्हणाल्या की तुमच्या त्या नावे बाजूचा फोटो काढू का, मला वर्गात करायचंय.

शेवटचं, दरवर्षी मे महिन्यात विचारा

पोरांना, वेगवेगळं बसवून, गच्चीवर किंवा रंकाळ्याला नेऊन. जूनपासनं शाळेत जायचंय का? उत्तर येईपर्यंत आपण गप्प बसायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे. तीन वर्षं दोघंही नाही म्हणाली. यंदा धाकटा परत नाही म्हणाला आणि थोरली बराच वेळ पाण्याकडं बघून म्हणाली, "मला लॅब पाहिजे आई, खरी."

मग आम्ही घराजवळच्या एका शाळेत गेलो, फाईल नेली, मुख्याध्यापकांनी दाखला बघितला, वय बघितलं, सातवीत बसवू म्हणाले, आणि ती आधी दोन दिवस वर्गात बसून बघू का म्हणाली तर त्याला पण हो म्हणाले. तिनं घरी येऊन स्वतःच किर्द उघडली, तिसऱ्या ओळीत लिहिलं, "सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल बघितली. शाळेत गेल्यावर ही वही कोण लिहिणार?" किर्दीची नवी चोपडी आणलीय, धाकट्याच्या शेजारी तिचं पान तसंच राहणार आहे, रात्री भांडी आवरल्यावर.